एक तांब्या विहिरीचं पाणी

दत्तू,

तुझ्या फोटोची फ्रेम काल झाली. मुलुंडात सव्वीस वर्षं मी फ्रेमा करतोय. देवांच्या, लग्नांच्या, गेलेल्या माणसांच्या. एका फ्रेमेला मला फार तर अर्धा तास लागतो. तुझीला सतरा दिवस लागले. सुलभावहिनी भाजी आणायला जाताना दुकानात डोकावायच्या, फोटो अजून कागदातच आहे हे बघायच्या आणि पुढे जायच्या.

फोटो त्यांनीच निवडलाय. स्नेहसंमेलनातला, कोट घातलेला. एखादा मुलगा प्रयोगवही घरी विसरला की तू दिसायचास, तसा त्यात दिसतोस. मी म्हटलं, "वहिनी, गच्चीवरचा आहे ना एक, हातात ब्रश घेतलेला?" त्या म्हणाल्या, "भावोजी, भिंतीवर बनियनमधला माणूस लावू?" तेव्हा तू कोटातच राहणार आहेस, सवय करून घे. काच मात्र मी माझ्या मनाची घातलीय. गच्चीवरची आपली पहिली पेटी मोडली तेव्हाचा तुकडा दुकानाच्या पोटमाळ्यावर गोणपाटात बांधून ठेवला होता, तोच कापला. कापताना डाव्या कोपऱ्यात जरा वाकडी गेलीय, पण ते फ्रेमेखाली झाकलं जातं.

शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडमास्तर म्हणाले, दत्ताराम सर अत्यंत शांत स्वभावाचे होते, कधी कुणावर आवाज चढवला नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो, मला हसू आवरेना. कच्छहून मुंबई येईपर्यंत रागाने दीड दिवस माझ्याशी एक शब्द न बोललेला माणूस शांत! नंतर कुणीतरी मलाही बोलायला सांगितलं. शाळेत असताना निबंधात मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क असायचे, तू ते कधी कबूल केलं नाहीस, पण त्या दिवशी मला दोन वाक्यंही जुळवता आली नाहीत. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं. अडीच-तीन वर्षं मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, आणि ती सांगायच्या आत तू गेलास. सभेत उभं राहून ती कुणाला सांगणार? म्हणून इथे लिहितोय.

वेलजीशेठची ती बाटली आठवते ना? आपल्या नाक्यावरचा कच्छी वाणी, रणाच्या काठावर त्याचं गाव. दरवर्षी गावाहून मिठाई आणायचा, त्या वर्षी बाटलीत पाणी घेऊन आला. "मास्तर, जरा चाखून बघा ना. आमच्या गावच्या कुव्याचा पाणी आहे. माझी मोठी बेन हाच पिते." तू घोट घेतलास आणि तोंड वाकडं केलंस. मग ती बाटली घरी नेलीस आणि आईंना दिलीस. आई तेव्हा होत्या. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "ह्या तर आमच्या बावीचा पाणी! वैशाखात अस्साच खारा व्हायचा." मालवणकडे खाडीच्या काठावर त्यांचं गाव, उन्हाळ्यात विहिरीत खारं पाणी शिरायचं, आणि लहानपणी दोन टेकड्या ओलांडून त्या गोडं पाणी डोक्यावरून आणायच्या. हे त्यांनी तुला पन्नास वेळा सांगितलं होतं, पण त्या दिवशी तुझ्या डोक्यात काय पेटलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या दुकानात उभा. "गजा, दोन फूट बाय चार फुटांची काच दे. आणि खाली पेटी करायची आहे."

मला वाटलं, तुला सूर्यचूल करायचीय. तेव्हा सगळ्यांना तेच वाटलं. कांजूरमार्गच्या भंगारवाल्याकडून आपण पत्रा आणला, त्याचा उथळ ट्रे ठोकून घेतला, आतून काळा रंग दिला. वर मी सागवानाची चौकट केली आणि उतरती काच बसवली. ट्रेमध्ये खारं पाणी ओतायचं, उन्हाने त्याची वाफ होते, वाफ काचेला लागून थेंब होतात, थेंब काचेच्या आतून घसरत खालच्या पन्हळीत येतात आणि पन्हळीतून भांड्यात. मीठ ट्रेमध्येच राहतं. तू मला हे समजावलंस तेव्हा मी म्हटलं, "एवढंच?" तू म्हणालास, "एवढंच. समुद्राचा पाऊस असाच होतो, यात नवीन काही नाही. नवीन म्हणजे तुझं सुतारकाम कसं होतंय तेच बघायचं."

समुद्राचं पाणी हवं म्हणून आपण जुहूला गेलो. मुलुंडची खाडी चालत जाण्याच्या अंतरावर, पण तुला ती चालेना. "त्यात अर्ध्या गावाची गटारं आहेत, मला खरा समुद्र पाहिजे." दोन कॅन भरले, वाळूत बसून भेळ खाल्ली आणि परतीच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "काय आहे ह्याच्यात? रॉकेल?" तू म्हणालास, "समुद्र." त्याने आपल्याला खाली उतरवायचंच बाकी ठेवलं होतं.

गच्चीवरून सोसायटीत काय महाभारत झालं! उन्हाची जागा पापड-कुरडयांची, तिथे मास्तरांनी पेटी मांडली. एका रविवारी सगळी कॉलनी टीव्हीसमोर बसली होती तेव्हा आपण निवांत वर गेलो, तर काचेवर कुणीतरी पोह्याचे पापड ओळीने मांडून ठेवलेले. काच गरम असते, लवकर वाळतात. तू एकेक पापड उचलून चटईवर ठेवलास आणि खाली जाऊन तळमजल्यापासून प्रत्येक घराची बेल वाजवलीस. हेच ते शांत स्वभावाचे सर.

पहिलं पाणी मात्र मी विसरणार नाही. दिवस मावळताना भांड्यात जेमतेम दोन पेले जमले होते. तू एक मला दिलास. मी प्यायलो आणि म्हणालो, "अरे, हे तर बॅटरीचं पाणी." गॅरेजवाले बॅटरीत घालतात ना, तसलं. तुझा चेहरा उतरला. मी उगाच बोललो. पण दत्तू, मला तेव्हाच चव कळली होती. म्हणजे त्याला चवच नव्हती, हे कळलं होतं. तू म्हणालास, "शुद्ध आहे. तुला शुद्ध काही पचतच नाही."

मग कच्छ, वेलजीशेठचं गाव. चार मोठ्या पेट्या वेलजीशेठच्या मालाबरोबर ट्रकने गेल्या, काचा गोधड्यांत गुंडाळून. आपण आणि वेलजीशेठ मागून गेलो. मी माझ्या कामावर जाम खूश होतो. चौकटीच्या सांध्यात कागदसुद्धा शिरणार नाही अशी फिटिंग केली होती, वरून खडू-तेलाची लांबी भरून गुळगुळीत केली होती. वेलजीशेठच्या त्या मोठ्या बहिणीच्या, मोंघीबेनच्या अंगणात पेट्या मांडल्या, त्यांच्या विहिरीचं पाणी ओतलं, ऊन म्हणजे मुंबईच्या तिप्पट, आणि संध्याकाळी भांडी कोरडी. दुसऱ्या दिवशीही तेच. तू पेटीवर कान ठेवून बसलास. तिसऱ्या दिवशी मी चौकटीवरून बोट फिरवलं तर सांध्यात नख शिरलं. मुंबईच्या दमट हवेत फुगलेलं सागवान, तिथल्या कोरड्या हवेत आकसलं होतं. लांबी तडकली होती, सगळी वाफ फटींतून बाहेर. इतकी वर्षं लाकडाचं काम करणाऱ्या माणसाला हे सुचू नये! तुझं तोंड बघून मला वाटलं आता मला इथेच वाळूत पुरतोस. पण तू हसत सुटलास. "गजा, मी मेल्यावर माझा फोटो तूच बसवणार. निदान त्याला तरी फट ठेवू नकोस रे." ट्रकवाल्यांकडून जुन्या ट्यूब मागून आणल्या, पट्ट्या कापून सांध्यांत बसवल्या. पहिल्या दोन दिवसांचं पाणी रबराच्या वासाचं आलं, त्याने काचेवरची धूळ धुतली. त्यानंतर पाणी आलं. चार भांड्यांचं मिळून एक मटका. एका घराच्या पिण्यापुरतं.

मोंघीबेनचा तो प्रसंग तू पुढे फार रंगवून सांगायचास, पण खरं काय झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे. साठीच्या पुढची बाई, मुंबईला भावाकडे यायला तयार नाही, तिच्या हाडांत त्या विहिरीचं खारं भरलेलं. तिने पेला हातात घेतला, तोंडात घोळवून गिळला आणि सरळ सांगितलं, "आ पाणीमां जीव नथी." ह्या पाण्यात जीव नाही. वेलजीशेठने तुझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं. तिने दुसरा घोट घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर आपला मटका तसाच भरलेला, आणि ती विहिरीवरून घागर आणत होती.

मी म्हटलं, दत्तू, मटक्यात त्यांच्याच विहिरीचं एक तांब्याभर पाणी घालू. चव येईल. तोंडाला जे पाणी माहीत आहे त्याची ओळख तरी पटेल. तू असा उसळलास! "अरे, दोन वर्षं गच्चीवर उन्हात राबलो ते खारं काढायला, आणि आता आपल्या हाताने पुन्हा खारं ओतू? मग पेटी कशाला आणली?"

"माणसं पिणार नसतील तर पेटी कशाला आणली?"

"पितील. शिकतील."

"तुझ्या वर्गातली पोरं आहेत काय ती? बाई साठीची आहे!"

"तू काचा काप, गजा. पाण्यातलं मला कळतं."

हे वाक्य लागलं मला. अजून लागतं. मग मीही काहीतरी बोललो, ते तुला लागलं, आणि आपण तोंडं फिरवली.

आता ऐक. निघायच्या सकाळी तू मागे आंघोळीला गेला होतास, वेलजीशेठ कुणा नातेवाइकाकडे. अंगणात मी आणि मोंघीबेन. मला गुजराती येत नाही, तिला मराठी येत नाही. मी तिच्या घागरीतून एक तांब्या विहिरीचं पाणी घेतलं, आपल्या मटक्यात ओतलं, ढवळलं, पेला भरून तिच्यापुढे धरला. ती प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली. "हवे पाणी थयुं." आता पाणी झालं. मी एक बोट वर करून तांब्या दाखवला, रोज एक. मग न्हाणीकडे हात केला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या म्हातारीने ओढणी तोंडाला लावली आणि खांदे हलेपर्यंत हसली.

पुढच्या थंडीत तू एकटा गेलास. माझ्या मुलीचं लग्न होतं, मला निघता आलं नाही. परत आलास तो स्टेशनवरून होल्डॉलसकट सरळ दुकानात. "पितायत रे गजा! रोज पितायत! शेजारची दोन घरं पेट्या मागतायत. काय म्हणत होतास, जीव नाही? शुद्ध पाण्याची चव कळायला वेळ लागतो, एवढंच. कळली की माणूस दुसरं मागत नाही." मी काच मोजत होतो. वर न बघता म्हणालो, "असेल." तू काउंटरला टेकून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद घेतोयस.

त्यानंतर दोन वर्षं तू मला ते ऐकवलंस. दुकानात चहा आला की, घरी जेवायला बोलावलंस की, "गजाला विचारा, गजा म्हणत होता त्यात खारं ओता." वहिनी हसायच्या. कितीदा जिभेवर आलं, सांगून टाकावं. मग वाटायचं, एवढा खूश आहे माणूस, कशाला त्याच्या आनंदात मीठ टाका. आणि खरं सांगू? थोडी मजाही वाटायची. माझ्या तांब्यावर तुझी पेटी चाललीय आणि तुला पत्ता नाही, अशी. पण त्या मजेची पुढे पुढे लाज वाटायला लागली. तुझ्यापासून मी दुसरं काही कधी लपवलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी आपण गच्चीवर होतो. तू काच पुसत होतास. मध्येच फडकं थांबवून म्हणालास, "गजा, तुला मला काही सांगायचंय का रे?"

मी म्हणालो, "चहा सांगायचाय."

तू हसलास. एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात, असं मला तेव्हा वाटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास आणि म्हणालास, "सांग, चहा सांग." मंगळवारी प्रयोगशाळेत तुझ्या छातीत कळ आली. मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

वेलजीशेठने बहिणीला कळवलं. तिचं उत्तर परवा आलं, गुजरातीत, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. वेलजीशेठ ते घेऊन माझ्या दुकानात आला, स्टुलावर बसून मला मराठी करून सांगायला लागला. ऐकून ती त्या दिवशी जेवली नाही. पेट्यांच्या काचा रोज धुते. रबराच्या पट्ट्या दोनदा बदलल्या. मग वेलजीशेठ अडखळला. चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं. "गजाननभाई, हे काय लिवलंय मला समजत नाय. ती म्हणते, पहिल्या टायमाला तो दुसरा भाई एक लोटा कुव्याचा पाणी टाकायला सांगून गेला. मग दत्तूभाई एकटा आला, त्याने मला टाकताना बघितला. मला वाटला आता ओरडेल. तो अंगणात बसून हसला. मोडक्यातोडक्या गुजरातीत बोलला, एक लोटा जास्ती होतो बेन, अर्धा टाक, आणि उकळून टाक. आणि त्या भाईला बोलू नको मला माहीत पडला ते. तो आपणहून सांगेल, मला ऐकायचा आहे." वेलजीशेठने कागद उलटा केला. "आणि पुढे विचारते, आता दत्तूभाई नाय. तर अर्धा चालू ठेवू की पुरा?"

लबाडा! होल्डॉल घेऊन दुकानात आलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं. "असेल" म्हणालो तेव्हा तू माझं तोंड बघत होतास आणि मी काच बघत होतो. दोन वर्षं प्रत्येक चहाला तू मला डिवचत होतास ते जिंकल्याच्या तोऱ्यात नाही, मी कधी बोलतो याची वाट बघत. दर वेळी मला दार उघडून देत होतास आणि मी दर वेळी बाहेरच उभा. आणि त्या रविवारी तर तू सरळ विचारलंस. दत्तू, मला राग आला. मग मी काउंटरवर डोकं ठेवून रडलो. वेलजीशेठ घाबरला, त्याने बाहेरच्या गिऱ्हाइकाला हाताने परत पाठवलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं. सोळा दिवसांत मी रडलो नव्हतो.

आणि चूक तू कबूल केली होतीस. "पाण्यातलं मला कळतं" म्हणणारा तू, त्या अंगणात बसून माझा तांब्या मान्य केलास, त्यात तुझं शास्त्र घालून अर्धा केलास, उकळायला लावलास. मला तेवढं सांगितलं असतंस तर मी आयुष्यभर तुला ऐकवलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणून माझ्याकडून आधी यायला हवं होतं. तू मुलांनाही असंच करायचास, उत्तर माहीत असून तासभर वाट बघायचास. तुझ्याबरोबर चाळीस वर्षं काढली आणि मला हे ओळखता आलं नाही. तरी तू माझ्या वाट्याला आलास, हे माझं नशीब.

वेलजीशेठ गेल्यावर मी पोटमाळ्यावरून ती काच काढली. काल फ्रेम पूर्ण केली. चारी सांधे नखाने तपासले, फट नाही. आज संध्याकाळी वहिनींकडे घेऊन जाईन.

सकाळी वेलजीशेठ पोस्टकार्ड घेऊन आला. म्हणाला, बेनला काय लिहू? मी म्हटलं, लिहा, अर्धाच. उकळून. दत्तूभाईने सांगितलं तसंच, त्यात काही बदलू नका. त्याने लिहिलं, पेन थांबवलं आणि विचारलं, "और कुछ?"

मी म्हटलं, "खाली एवढं लिहा, की त्या दुसऱ्या भाईने दत्तूला सांगितलं."